दमोदरशास्त्र्यांची आठवी विभक्ती

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, संस्कृतातला 'राम' हा शब्द आठही विभक्त्यांत आणि तिन्ही वचनांत एका दमात चालवता येतो, आणि चालवता चालवता त्याच दमात हुतूतूचे दोन गडी मारता येतात. ही गोष्ट पुसद मुक्कामी, दिवसाढवळ्या, अख्ख्या शाळेच्या देखत घडलेली आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं मला विचारावं. मारल्या गेलेल्या दोघांपैकी एक मी होतो. मला 'रामेभ्यः'ला हात लागला. दुसरा बिचारा 'रामाणाम्'पर्यंत टिकला.

मारणारे गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे होते. धोतराचा काचा मारलेला, शेंडीला गाठ, अंगात बंडी, आणि छाती अशी की खुंटीवर सदरा टांगावा तशी बंडी तिच्यावर टांगलेली. हे आमचे संस्कृतचे शिक्षक, दामोदरशास्त्री. तोंडावर आम्ही त्यांना 'सर' म्हणत असू आणि पाठीमागे 'दमोदर'. कारण त्यांच्या दर तिसऱ्या वाक्यात दम असे. "दम धर." "दम कुठं गेला तुहा?" "दम आहे तोवर बोलत राहा, लेका, दम संपला की गप्पच बसायचं आहे." हे नाव सरांच्या कानावर कधी जाऊ देणार नाही, अशी शपथ शाळेत आलेल्या प्रत्येक नवीन पोराला पहिल्या आठवड्यात मोठ्यानं घ्यावी लागे. शपथ मोडणाऱ्याला आठवडाभर सगळ्यांच्या पाट्या पुसाव्या लागत. आमची शाळा शिस्तीची होती.

तेव्हा विदर्भ नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि लवकरच महाराष्ट्रात जाणार अशी बोलणी चालू होती. भूगोलाचे सर बिचारे नकाशे बदलून बदलून दमले होते. शास्त्री सर त्यांना शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणत, "तुमचं राज्य चार वर्षांत दोनदा हालते. माह्यी षष्ठी हजारो वर्षांत जागची हालली नाही."

आता त्यांचा सिद्धांत सांगतो. माणसाच्या मनाला काही लागलं की सगळ्यात आधी त्याचा श्वास अडकतो. झोप नंतर जाते, भूक त्याच्यानंतर, आणि अभ्यास तर सगळ्यात शेवटी बिघडतो. पण आईबापांना आणि हेडमास्तरांना फक्त शेवटचं दिसतं. म्हणून औषध श्वासाला द्यायचं. आणि श्वासाचं औषध मैदानावर मिळतं, दुसरीकडे कुठंच मिळत नाही.

निदानाची पद्धत त्यांची स्वतःची होती. तोंड उतरलेल्या पोराला वर्गात उभं करायचं, 'राम' एका दमात चालवायला लावायचा आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचं. दम कोणत्या विभक्तीत तुटतो, त्यावरून दुखणं ओळखायचं.

"चतुर्थीत तुटला," ते डोळे न उघडता म्हणत. "संप्रदान. कोणाले काही द्यायचं कबूल केलं अन् दिलं नाही. काय होय ते?"

पोरगा कान लाल करून म्हणे, "वामनचा भोवरा, सर."

"पंचमी. अपादान. घर सुटलं म्हणून रडू येऊन राह्यलं तुले. वसतिगृहात राहतोस ना?"

"षष्ठी. संबंधाची विभक्ती. घरी कोण बोलत नाही तुह्याशी?"

वर्गाला तो चमत्कारच वाटे. खरं सांगायचं तर ते अर्ध्या वेळा चुकत. एकदा मी सप्तमीत अडखळलो. "अधिकरण," सर म्हणाले. "याले जागा पाहिजे. याचं मन कोंडून राह्यलं." आणि मला शेवटच्या बाकावरून उचलून खिडकीपाशी बसवलं. वास्तविक माझ्या तोंडात तेव्हा तीन बोरं होती.

निदान झालं की ते चिठ्ठी लिहून देत, अगदी वैद्यासारखी. माझ्याजवळ एक अजून आहे. 'औषध: आट्यापाट्या, सात दिवस, संध्याकाळी. अनुपान: घाम. पथ्य: एकट्यानं बसायचं नाही.' औषध प्रत्येकाचं वेगळं असे. कुणाला लगोरी, कुणाला लंगडी, कुणाला खो-खो. अनुपान आणि पथ्य मात्र सगळ्यांना तेच.

कुसुम नावाची एक हुशार मुलगी होती. परीक्षा आली की तिच्या पोटात कळा येत, आणि उत्तरपत्रिका कोरी राही. सरांनी तिला दोरीवरच्या उड्या लिहून दिल्या. एका उडीला एक भीती, मोठ्यानं म्हणायची. पहिल्या दिवशी ती लाजत लाजत पुटपुटली. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावरून तिचा खणखणीत आवाज ऐकू आला. "भूमिती. नापास. बाबा. भूमिती. हेडमास्तर. हेडमास्तर. हेडमास्तर." हेडमास्तर त्या वेळी दहा पावलांवर उभे होते. ते आपला फेटा सावरून शांतपणे आत निघून गेले. कुसुम त्या वर्षी भूमितीत वर्गात पहिली आली, हे मी माझ्या डोळ्यांनी फळ्यावर वाचलं आहे.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांना मॅट्रिकच्या निकालाची धास्ती होती, आणि मैदानात धावणारं पोर दिसलं की हा वेळ ह्यानं अभ्यासातून चोरला, असं त्यांना वाटे. "शास्त्रीबुवा," ते म्हणत, "तुम्ही व्याकरण शिकवायला आहात की कुस्त्या?"

"हुतूतू हेच व्याकरण होय," सर म्हणत. "कर्ता रेघेपलीकडे जाते, कर्माले हात लावते, अन् दम तुटायच्या आत वाक्य पुरं करून घरी येते."

सरांचा सगळ्यात आवडता खेळ हुतूतू. त्याचे तेव्हा दोन प्रकार खेळत. गमिनीत बाद झालेला गडी मेला तो मेलाच, डाव संपेपर्यंत बाहेर बसायचं. संजीवनीत आपल्या बाजूनं समोरचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिता होऊन आत येतो. गमिनीचं नाव काढलं की सर कानावर हात ठेवत. "मेलेल्याले मेलेला ठेवायले अक्कल लागत नाही," ते म्हणत. आमच्या शाळेत फक्त संजीवनी चाले, आणि त्यातही सरांचे दोन नियम जगावेगळे होते. एक, चढाई करताना 'हुतूतू' म्हणायचं नाही, 'राम' चालवायचा. दोन, मेलेला गडी आपोआप जिता होत नाही. ज्यानं समोरचा गडी मारला, त्यानं मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची: "वामन, जिता झाला. आत ये." हाक आल्याशिवाय उठायचं नाही.

आम्ही विचारलं, हे कायले? उठलो तर काय बिघडते?

"सात विभक्त्या माणसाबद्दल बोलायले आहेत," सर म्हणाले. "माणसाशी बोलायले एकच आहे. आठवी. संबोधन. हे राम. कोणी हाक मारली नाही, तर माणूस जिता आहे हे त्याले तरी कसं कळावं?"

आम्हाला ते काही समजलं नाही. आम्ही हाका मारत गेलो.

आता हरसिंग. माझ्या सगळ्या गोष्टी मी मोठ्या थाटात सांगतो, पण इथं जरा चोरट्या पावलानं जावं लागेल, कारण ह्यात माझा हात आहे.

हरसिंग डोंगराकडच्या एका तांड्यावरून आला होता. बंजाऱ्यांचं पोर. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत, आता बाप शेती करत होता. घरी ते गोरबोली बोलत. आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मराठीच्या सरांनी त्याला धडा वाचायला लावला. धड्यात आई शेतातून येते असं काहीतरी होतं. हरसिंग रंगून वाचत होता, आणि वाचता वाचता त्याच्या तोंडून 'आई'च्या ऐवजी त्याच्या घरचा शब्द निघाला. "याडी शेतातून आली."

मी खिडकीपाशी बसलो होतो. मी म्हणालो, "कोण येडी आली रे?"

वर्ग फुटला. मराठीचे सरसुद्धा हसले. आठवडाभर आम्ही हरसिंगला पाहिलं की विचारत होतो, "येडी आली काय?" त्यानंतर हरसिंग शाळेत एक अक्षर बोलला नाही. हजेरीला हात वर करी. शपथ घ्यायला लावली तेव्हा नुसता पाहत राहिला, म्हणून आम्ही सोडून दिला. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. मग गंमत संपली, आणि तो मात्र तसाच राहिला.

शास्त्री सरांनी त्याला उभं केलं, डोळे मिटले. सर बराच वेळ डोळे मिटून उभे होते. "प्रथमाच नाही," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "कर्ताच गेला." आणि चिठ्ठी लिहिली. औषध: हुतूतू. मुदत लिहायची जागा त्यांनी कोरी ठेवली.

हरसिंग मैदानावर आला आणि आम्ही चकित झालो. पोट्ट्याची पकड म्हणजे लोखंडाची. शिरलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या हाती आला की तो गडी तिथंच राही. पण चढाईला तो जाईना. रेघेपाशी जायचा, ओठ हलवायचा, परत यायचा. सर ओरडत नसत. "काही घाई नाही," म्हणत. "रेघ कुठं पळून नाही जात."

घाई हेडमास्तरांना होती. दिवाळीच्या आधी तोंडी परीक्षा असे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "सोमवारी तोंडी आहे. हा मुलगा बोलला नाही तर नाव काढून त्याला घरी पाठवतो. मुक्याची शाळा वेगळी असते."

"तो मुका नाही होय," सर म्हणाले.

"मग बोलू दे."

त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी पूस नदीकाठच्या मैदानावर दिग्रसच्या संघाशी आमचा सामना ठरला होता. पंच यवतमाळहून आले होते, खिशात नियमांचं पुस्तक घेऊन. पहिल्याच चढाईला आमचा वामन 'रामः रामौ रामाः' करत शिरला, आणि पंचांनी शिट्टी वाजवली.

"हे काय चालू आहे?"

"अकारान्त पुल्लिंगी," शास्त्री सर म्हणाले.

"हुतूतू म्हणावं लागतं."

"हुतूतूचा अर्थ काय होते, साहेब?"

पंचांनी पुस्तक चाळलं. पुस्तकात अर्थ नव्हता.

"म्हणजे अर्थ नसलेला शब्द चालते," सर म्हणाले, "अन् अर्थ असलेला चालत नाही?"

ऊन कडक होतं. पंचांना शेवटच्या मोटारीनं परत जायचं होतं. अर्ध्या तासाच्या वादानंतर त्यांनी तोडगा काढला: कोणताही एकच शब्द घ्यायचा आणि तोच न थांबता म्हणायचा. सरांनी आमच्याकडे वळून सांगितलं, "ज्याचा त्यानं आपापला शब्द निवडा. जवळचा पाहून घ्या." मी माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचा शब्द घेतला. 'भजी भजी भजी' म्हणत शिरलो, माझं मलाच हसू फुटलं, दम तुटला, आणि मी आमच्या बाजूचा पहिला मेलेला गडी ठरलो.

मग जे व्हायचं तेच झालं. एकेक करत आम्ही आठ जण बाहेर येऊन, गुडघे पोटाशी घेऊन, मरणाच्या क्रमानं रांगेत बसलो. आत उरला एकटा हरसिंग. समोर दिग्रसचे नऊच्या नऊ. वेळ संपत आलेली आणि चढाई आमची.

हरसिंग रेघेपाशी गेला. ओठ हलवले. परत एक पाऊल मागं आला.

शास्त्री सर कडेला उकिडवे बसले होते. ते एवढंच म्हणाले, "हरसिंग, तुले ज्याची सगळ्यात पहिले आठवण येते, ते म्हण."

हरसिंगनं मेलेल्यांच्या रांगेकडे पाहिलं. रांगेत पहिला मी होतो. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता, आणि मला वाटलं मैदान फाटून मी आत जावं. मग तो वळला, रेघ ओलांडली, आणि त्याच्या छातीतून आवाज आला. खरखरीत, कित्येक महिने पेटीत ठेवलेला आवाज.

"याडी. याडी याडी. याडी याडी याडी याडी."

माझ्या शेजारी वामनच्या तोंडून हसू निघायला आलं होतं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. त्या सबंध वर्षात माझ्या हातून घडलेलं तेवढंच पुण्य. मैदानावर दुसरं कुणी हसलं नाही. शनिवारचा बाजार आटोपून डोक्यावर गाठोडी घेतलेल्या दोन बंजारा बायका रस्त्यानं चालल्या होत्या. तो शब्द ऐकून त्या जागच्या जागी थांबल्या आणि वळून पाहू लागल्या.

काय ती चढाई सांगू. तो आवाज चढत गेला तसा पोरगा मोठा मोठा होत गेला. डावीकडच्या कोपऱ्यात शिरला, एकाच्या खांद्याला हात लावला, तिघांनी वाट अडवली तर त्यांच्या काखेखालून निघाला, जाता जाता दुसऱ्याच्या पायाला पाय लावला, आणि 'याडी याडी' म्हणतच रेघेवर येऊन पडला. दम तुटला नव्हता. रेघेच्या अलीकडे आल्यावरही तो दोन-तीनदा म्हणतच होता.

दोन गडी मेले. म्हणजे आमचे दोन जिते. हरसिंग उठून बसला, धुळीनं माखलेल्या तोंडानं माझ्याकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे हाक मारली.

"गजानन. जिता झाला. आत ये."

त्याला येडी म्हणून चिडवणारा मी, त्याच्या याडीनं जिता झालो. मी आत पाऊल टाकलं. हरसिंगनं दुसरं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि पंचांची शेवटची शिट्टी झाली. सामना आम्ही हरलो. हे सांगायचं राहून गेलं असतं, कारण त्या दिवशी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

शास्त्री सर मात्र पंचांच्या मागं लागले. "दुसरं नाव राह्यलं, साहेब."

"वेळ संपली, शास्त्रीबुवा."

"म्हणजे एक जीव उरला."

"उरला असेल तर ठेवा तुमच्याजवळ," पंच म्हणाले आणि मोटार गाठायला पळाले.

सोमवारी तोंडी परीक्षेत हरसिंग बोलला. हेडमास्तरांना 'पुरे' म्हणावं लागलं. पण सोमवारच्या आधी एक रविवार होता, आणि सांगायचं आहे ते त्याचंच.

रविवारी सकाळी हरसिंग आमच्या दारात उभा. हातात टोपली, टोपलीत तांड्यावरून आलेली सीताफळं. "सरचं घर दाखव," म्हणाला. सरांच्या घरी आमच्यापैकी कुणी कधीच गेलं नव्हतं. गल्ली मला ठाऊक होती, एवढंच. तिथं पोहोचलो तर शेजारच्या वच्छलाबाईंनी सूप हातात धरूनच आम्हाला अडवलं.

"आज काहून आले रे पोट्टेहो? आज ते बोलत नाहीत."

"मौन असते काय?" मी विचारलं.

"कायचं मौन, बावा. बाई वारल्या त्याले सहा वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. शनिवारी शाळा सुटली का सोमवारी भरेलोक त्या घरातून आवाज येत नाही. बोलतीन तरी कोणाशी?"

मला ते खरंच वाटेना. दमोदरशास्त्री, आणि आवाज नाही? आम्ही पुढं गेलो.

सर ओट्यावर बसले होते. भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांभोवती, नजर गल्लीवर. मी ती बैठक ओळखली. आदल्या दिवशी नदीकाठी आम्ही आठ जण अगदी तसेच बसलो होतो. चिठ्ठीवरचं पथ्य मला आठवलं, आणि उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं.

आम्हाला पाहून त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. चोवीस रूपं एका दमात म्हणणाऱ्या माणसाला घसा खाकरावा लागला, आणि खाकरूनही काही आलं नाही. मला पळून जावंसं वाटलं.

हरसिंगनं टोपली खाली ठेवली. पायाच्या अंगठ्यानं ओट्यासमोरच्या धुळीत एक रेघ ओढली. रेघेच्या गल्लीकडच्या बाजूला, म्हणजे आत, जाऊन उभा राहिला, आणि छाती भरून दम घेतला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा आता नियमाप्रमाणे नाव घेणार. आणि सरांचं नाव त्यानं आमच्याच तोंडून ऐकलेलं होतं, शपथ काही घेतलेली नव्हती. मी त्याचा सदरा मागून ओढला. उशीर झाला होता.

"दमोदर सर," तो गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कालचा एक जीव उरला हाय. तुमी जिते झाले. आत या."